वडिलांची १९९१ ची सीडी १००: इंजिन घरीच खोलायचं म्हणतोय, बजेट सहा हजार

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमच्या दादांची (म्हणजे वडिलांची) हिरो होंडा सीडी १००, १९९१ ची, चार वर्षं गोठ्याच्या पडवीत उभी होती. दिवाळीत गावी गेलो तेव्हा टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला आणि दहाव्या-बाराव्या किकला चालू झाली. पण मागं निळ्या धुराचा लोट, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर तळहातावर ऑइलचे थेंब. चढाला दुसऱ्या गियरवर पण रडते. शंभर किलोमीटरला पाव लिटर ऑइल पिऊन टाकलं.

गावातल्या गॅरेजवाल्यानं इंजिनाला हात न लावता सांगितलं, फुल इंजिन करावं लागंल, नऊ हजार. तेवढे आत्ता नाहीत, आणि असते तरी न खोलता सांगितलेला आकडा मनाला पटत नाही. गाडी विकायची नाही हे नक्की. दादा याच गाडीवरनं रोज पाटणला नोकरीला जायचे, आम्हा दोघा भावंडांना पुढं-मागं बसवून शाळेत सोडायचे.

मी डिप्लोमा मेकॅनिकल, पण दहा वर्षं काम कॉम्प्युटरवर. हत्यारांत रिंग पान्यांचा सेट, टी-पाने, फीलर गेज आणि एक चांगला व्हर्नियर आहे. तर हाफ इंजिनवर (म्हणजे फक्त हेड, ब्लॉक, पिस्टनचं काम) भागेल का फुलच (खालच्या क्रँकसकट) करावं लागेल? घरी काय जमतं आणि काय बाहेर द्यावंच लागतं?

वऱ्हाडकर
भाऊ, गॅरेजले देऊन टाक. म्या हेच केलं होतं, चार रविवार गेले न् शेवटी पोत्यात भरून मेस्त्रीकडं नेलं. खोलणं सोपं हाय, बसवताना समजते.

होन_मारणारा
भावा, मी कोल्हापुरात उद्यमनगरात बावीस वर्षं बोरिंगच्या मशिनवर हाय. न खोलता फुल इंजिन सांगणाऱ्याचं ऐकू नको. धूर हा क्रँकचा आजार न्हवं. धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि बोर (सिलिंडरचं आतलं भोक), नाहीतर व्हॉल्व्हचे सील. क्रँक गेला की खालनं आवाज येतो, टकटक तरी नाहीतर घरघर. तुझ्या लिहिण्यात आवाजाचं काहीच नाही.

ब्लॉक काढलास की कनेक्टिंग रॉड हातात धर आणि सिलिंडरच्या दिशेनं ओढून-ढकलून बघ. त्या दिशेला केसभरही खेळ नको. डावी-उजवीकडं जरा सरकला तर घाबरू नको, तेवढा असतोच. खेळ नसला की हाफ इंजिनवर भागलं.

खोलणं, धुणं, व्हॉल्व्ह घासणं, बांधणं हे सगळं घरी जमतं. बोर मारणं (झिजलेला सिलिंडर मशिनवर आतनं कापून जरा मोठा आणि गोल करणं) घरी जमत नाही. बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून ब्लॉक घासून आणणारी माणसं बघितल्यात मी, मग तो बोर ना गोल राहतो ना सरळ. तसलं काही करू नको.

शिकाऊ_किल्ली
धूर रिंगांचा का सीलचा हे खोलायच्या आधी कळतं का? माझी स्प्लेंडर पण थोडी थोडी सोडते.

रमा_वाई
@शिकाऊ_किल्ली, बऱ्यापैकी कळतं. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या किकला एकच भपकारा आणि मग कमी, किंवा घाट उतरताना थ्रॉटल सोडून परत पिळला की भपका, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर आणि गाईडवर. पिळाल तसा वाढत जाणारा, सतत येणारा धूर असेल तर रिंगा. मी आणि माझ्या सासऱ्यांनी घरची हिरो होंडा स्लीक अशीच तपासून केली होती, पसरणीच्या घाटात उतरताना मागून दीर गाडीवर येत होता धूर बघायला.

दुसरी परीक्षा म्हणजे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडायचं आणि किक मारून बघायची. किक आधीपेक्षा जड लागली तर गळती रिंगांवाटे, नाही लागली तर व्हॉल्व्हवाटे.

होन_मारणारा
ताई, पहिलं सगळं बरोबर. पण चमच्याची परीक्षा उभ्या सिलिंडरला. सीडी, स्प्लेंडर, स्लीक यांचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला असतो. ऑइल खालच्या अंगाला साठतं आणि रिंगेच्या वरच्या अर्ध्या भागाला लागतच नाही. ह्या गाड्यांना त्या परीक्षेवर विसंबू नये.

रमा_वाई
हे कधी लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. आम्हाला त्या वेळी उत्तर अर्धवट का मिळालं ते आत्ता कळलं.

टूस्ट्रोक_राजा
सीडीवर एवढा वेळ घालवण्यापेक्षा यामाहाची टू स्ट्रोक आरएक्स १०० शोधा की राव. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि हेडमध्ये व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. चार नट काढले की हेड हातात. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली आणि अजून कोल्हापूर-सांगलीकडं माणसं जिवापाड जपत्यात.

होन_मारणारा
आरएक्स माझी पण जीव का प्राण, पण बजेट सहा हजार म्हणालाय तो. चांगल्या आरएक्सचा आज भाव काय चाललाय ते तुला ठाऊक हाय. आणि टू स्ट्रोकचा क्रँक वाजला की घरी काही करता येत नाही, प्रेसवर दाबून रॉड बदलायचा आणि डायल लावून क्रँक सरळ करायचा, तो घरचा खेळ न्हवं.

टूस्ट्रोक_राजा
तेही खरंच. माझ्या क्रँकलाच गेल्या वर्षी त्या पायी महिना गेला.

फोंडेकर
आमच्या गोव्यात पायलट लोकांकडे (मोटरसायकल टॅक्सी, पिवळ्या मडगार्डवाल्या) कितीतरी वर्षं सीडी आणि स्प्लेंडरच होत्या. दिवसभर माणसं वाहायच्या, उन्हापावसात उभ्या. आमच्या शेजारचे पायलट काका दर दीड हजार किलोमीटरला न चुकता ऑइल बदलत आणि डायरीत लिहून ठेवत. जाहिरात होती ना, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’, ते काकांना कधीच पटलं नाही. म्हणायचे, पेट्रोल विसरलास तर गाडी रस्त्यात सांगते, ऑइल विसरलास तर सांगत नाही.

वऱ्हाडकर
काका बरोबर बोलले. बाकी मी जे वर लिहिलं त्याचं कारण सांगतो. पिस्टनची पिन काढताना तिला अडवणारी बारकी तारेची सर्कलिप उडाली न् थेट क्रँककेसमधी. तोंडावर फडकं कोंबलं नव्हतं. चुंबक तारेला बांधून दोन रविवार शोधली, भेटली नाही, मग अख्खं इंजिन फाडावं लागलं. त्यामुळं खोलणारच असशील तर ब्लॉक निघाल्या निघाल्या पहिले फडकं कोंब, अन् जुनी सर्कलिप परत वापरू नको.

नानापेठ_स्पेअर
आमचं पुण्यात स्पेअरचं दुकान आहे, म्हणून सामानाबद्दल लिहितो. पिस्टन मोजमाप झाल्याशिवाय घेऊ नका. रोज एक तरी गिऱ्हाईक पिस्टन घेऊन जातं आणि दोन दिवसांनी साइज बदलायला येतं. स्टँडर्ड बोर ५० मिलिमीटर. त्यावर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे ओव्हरसाइज मिळतात. बोरिंगवाल्याकडं ब्लॉक न्यायचा, तो साइज सांगेल, मग पिस्टन घ्यायचा आणि तोच पिस्टन बोरिंगवाल्याच्या हातात द्यायचा. त्यानं पिस्टन मोजून त्याप्रमाणं बोर मारायचा. नुसत्या आकड्यावर बोर मारून घेऊ नका, दोन कंपन्यांच्या पिस्टनमध्ये बारीक फरक असतो.

पिस्टन, रिंगा आणि टायमिंग चेनमध्ये स्वस्त माल घेऊ नका. पैसे वाचवायचेत तर रबर ग्रिप, आरसे, सीट कव्हर नंतर घ्या.

कागदपत्र_बघा
एक रुपयाही घालायच्या आधी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) काढून बघा. १९९१ ची गाडी म्हणजे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. चार वर्षं उभी होती तर मुदत टळली असण्याची शक्यता आहे. आणि कुणी भंगारातलं अख्खं इंजिन स्वस्तात देतो म्हणालं तर घेऊ नका, इंजिन नंबर क्रँककेसवर असतो आणि आरसीवर तोच लागतो. हेड आणि ब्लॉक बदलले तर नंबरचा प्रश्न येत नाही.

कोयनाकाठ
एवढे प्रतिसाद बघून बरं वाटलं, सगळ्यांचे आभार. आरसी बघितली, दादांनी २०२१ ला नूतनीकरण केलंय, २०२६ पर्यंत आहे.

शनिवारी इंजिन उतरवलं. ऑइल सोडलं ते डांबरासारखं काळं. उजवीकडचं कव्हर काढताना तीन स्क्रूंची डोकी गोल झाली, मग कराडहून इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला, हातोडीचा एक ठोका की स्क्रू ढिला. हे आधीच आणायला हवं होतं. क्लचच्या बाजूला क्रँकच्या टोकावर जो गोल फिरता ऑइल फिल्टर असतो त्याचं झाकण उघडलं तर आत कडेला बोटाच्या पेरभर जाड काळा थर, गोठलेल्या तुपासारखा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढला. आईनं बघितलं आणि म्हणाली, एवढी घाण पोटात घेऊन चालत होती बिचारी.

कनेक्टिंग रॉडला खेळ नाही! ओढून, ढकलून, दादांना पण ढकलायला लावलं. काही नाही. दादांनी आधी नको नको म्हटलं होतं, पण आता खुर्ची टाकून शेजारी बसलेत आणि प्रत्येक नट कुठला ते कागदावर लिहितायत.

होन_मारणारा
झालं की मग! नऊ हजाराचं काम अर्ध्यावर आलं. हेडचे नट काढताना कुठल्या स्टडला तांब्याचा वॉशर होता ते दादांनी लिहिलंय ना? ती जागा चुकली की तिथनं ऑइल पाझरत राहतं. आणि ब्लॉकच्या खाली ऑइलच्या वाटेवर बारकी ओ रिंग असते, नवीन पॅकिंग सेटमध्ये येते, ती विसरू नको.

कोयनाकाठ
वॉशरचं लिहिलंय आणि फोटो पण काढलाय. ओ रिंग जुनी तर दगडासारखी कडक झाली होती, नखानं तुकडे पडले.

शिकाऊ_किल्ली
हेड घरी कसं तपासायचं?

रमा_वाई
हेड उलटं ठेवायचं, प्लग घट्ट लावायचा आणि वाटीसारख्या खोलगट भागात पेट्रोल ओतायचं. पाच मिनिटं थांबून कार्ब्युरेटरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडातून बघायचं, ओल आली तर व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही. (उघड्यावर करा, जवळपास चूल-बिडी काही नको.) मग व्हॉल्व्हला पेस्ट लावून हातानं घासायचा. रवी फिरवतो तसं दोन तळहातांत दांडा धरून पुढं-मागं, मध्ये मध्ये उचलून जागा बदलत. सीटवर सगळीकडं सारखी करडी पट्टी उमटली की पुरे. घासून झाल्यावर पेस्टचा कणही आत राहता कामा नये.

कोयनाकाठ
कालचा दिवस कोल्हापुरात गेला. @होन_मारणारा यांनी पत्ता दिला नाही, म्हणाले ओळखीच्याकडं ये असं इथं लिहिणं बरं नाही, कुणाकडंही जा पण बोर डायल गेजनं मोजणाऱ्याकडं जा. तसाच एक गाठला. मोजमाप सांगतो: वरच्या टोकाला ५०.१४, खाली ५०.०६, आणि झीज एका अंगाला जास्त. मी म्हटलं ०.२५ मध्ये निघेल ना? त्यांनी गेज माझ्या हातात दिला आणि फिरवायला लावला. म्हणाले, आकडा बघून निघेल असं वाटतं, पण झीज एकतर्फी आहे आणि खालच्या अंगाला ही उभी चीर बघ, ०.२५ ला ती राहील. नख फिरवलं तर अडकत होतं. मग ०.५० ठरलं. पिस्टन आणून दिला, चार तासांत ब्लॉक हातात. आतनं तिरप्या रेघांची जाळी, उन्हात धरलं की चमकते. किती वेळ बघत बसलो स्टँडवर.

होन_मारणारा
ती जाळीच ऑइल धरून ठेवते, रिंगा त्यावर बसतात. आता नीट ऐक. घरी गेलास की ब्लॉक डिझेलनं पुसून लगेच बसवू नको. होनिंगचे (बोर मारल्यावर दगडानं घासून ती जाळी पाडतात त्याचे) दगडाचे कण त्या रेघांत रुतलेले असतात, डिझेलनं ते हलतात पण निघत नाहीत. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश. मग स्वच्छ पांढरं फडकं ऑइलात भिजवून आतनं फिरव. करडं झालं तर परत साबण. फडकं पांढरं निघेस्तोवर. आणि वाळल्या वाळल्या ऑइल लाव, नाहीतर दहा मिनिटांत गंज धरतो.

कोयनाकाठ
पाच वेळा धुतला. चौथ्यांदा मला वाटलं झालं, आईनं फडकं उजेडात धरलं आणि म्हणाली अजून नाही. दादांचं जुनं धोतर त्या कामी आलं.

मस्कतहून_सुन्या
रोज रात्री ड्युटीवरून आलो की आधी हा धागा उघडतो. माझी पण एक स्प्लेंडर चिपळूणला घरी झाकून ठेवलीय. टायमिंग लावताना काय बघायचं ते कोणी लिहा ना, सुट्टीत येईन तेव्हा लागेल.

वऱ्हाडकर
मी लिहितो, कारण मी चुकलो होतो. मॅग्नेटवरची टी खूण केसवरच्या खुणेसमोर आणायची. मग वर कॅमच्या स्प्रॉकेटवर एक गोल खूण असते ती हेडवरच्या खाचेसमोर. दोन्ही एकाच वेळी जुळले पाहिजे. बोल्ट आवळला की मॅग्नेट हातानं हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवायचा न् परत बघायचं. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. माझी चेन एक दात मागं बसली होती. गाडी चालू झाली, पण ताकदच नाही, मी तीन दिवस कार्ब्युरेटर खोलत बसलो.

नानापेठ_स्पेअर
जोडून सांगतो, पिस्टनच्या डोक्यावर ‘आयएन’ खूण असते ती कार्ब्युरेटरच्या बाजूला, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हकडं. रिंगांवरची खूण हेडकडं. रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका, १२० अंशांनी फिरवा. पिस्टनमध्ये घालायच्या आधी एकेक रिंग बोरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजनं मोजा.

कोयनाकाठ
रविवारी संध्याकाळी साडेपाचला चालू झाली!!

सविस्तर लिहितो. पिस्टन बसवताना रिंग दाबायला घरातल्या केबल टायनं काम झालं, क्लॅम्प नव्हता. हेडचे नट फुलीच्या क्रमानं, तीन टप्प्यांत, भावाचा टॉर्क पाना मागून आणला होता. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) ०.०५ मिलिमीटरला लावले, इंजिन थंड असताना. नवीन ऑइल ओतलं आणि प्लग काढून पन्नास-साठ किका मारल्या म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचावं. टॅपेटचं झाकण उघडं ठेवलं होतं, रॉकर ओले झालेले बघितले, मगच प्लग लावला.

पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या किकला काही नाही. दादा उठले, म्हणाले हो बाजूला. चोक ओढला, किक अर्धी दाबून वरच्या अंगाला आणली, थांबले, आणि मग एकदाच मारली. चालू. मला अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा सकाळी सहाचा आवाज आठवला. पहिली दोन मिनिटं पांढरट धूर आला, लावलेलं ऑइल जळत असणार, मग सायलेन्सरचं तोंड एकदम स्वच्छ. पांढरा कागद धरला, कोरडा.

एकच अडचण, हेड आणि ब्लॉकच्या जोडावर खालून बारीक ओल दिसते.

होन_मारणारा
अभिनंदन भावा, दादांना पण सांग! ओल दिसतीय तर लगेच आवळत बसू नको. पुसून कोरडं कर, पावडर मार आणि दहा मिनिटं चालव, नेमकं कुठनं येतंय ते पावडरीवर उमटंल. बऱ्याच वेळा वरच्या टॅपेटच्या झाकणाची ओ रिंग असते आणि ऑइल ओघळून खाली येतं.

कोयनाकाठ
तेच निघालं! आईच्या पावडरचा डबा वापरला, ओघळ वरनं आला होता. टॅपेटच्या झाकणाला जुनीच ओ रिंग लावली होती मी. नवी घातली, कोरडं.

टूस्ट्रोक_राजा
खर्च सांगा की आता.

कोयनाकाठ
पिस्टन, रिंगा, पिन मिळून ८५०, बोरिंग-होनिंग ४००, दोन व्हॉल्व्ह आणि सील ४२०, घासायची पेस्ट ६०, पॅकिंग सेट २२०, टायमिंग चेन टेन्शनरसकट ६४०, बाकी ऑइल सील आणि ओ रिंगा १८०, ऑइल दोन वेळचं ७६०, धुवायला डिझेल १८०, प्लग ११०, पेट्रोलचा पाइप ६० (जुना चिरला होता, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं म्हणून नवाच घातला), इम्पॅक्ट ड्रायव्हर ४५०. एकूण ४,३३०. कोल्हापूरचं एसटी भाडं आणि जेवण वेगळं. दोन शनिवार-रविवार आणि एक रजा गेली.

वऱ्हाडकर
भाऊ, मी पहिल्याच प्रतिसादात गॅरेजले दे म्हणलं होतं, ते वापस घेतो. बापासोबत बसून केलं, लय चांगलं केलं.

शिकाऊ_किल्ली
आता रनिंग (नव्या रिंगा बसेपर्यंत गाडी जपून चालवणं) कसं काढणार? माझीही पुढच्या महिन्यात खोलतोय.

होन_मारणारा
पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पंचेचाळीसच्या वर नको, पण एकाच स्पीडला पण धरू नको, कमी-जास्त करत राहायचं. उभी ठेवून तासभर चालू ठेवायची नाही, त्यानं रिंगा बसत नाहीत. चढाला इंजिन दाबून ओढायचं नाही, गियर उतरवायचा. तीनशेला ऑइल सोडायचं आणि टॅपेट परत बघायचे.

कोयनाकाठ
परवा ३१० किलोमीटरला ऑइल सोडलं. परातीत घेऊन उन्हात बघितलं, बारीक चमक होती पण बोटाला टोचणारं काही नाही. एक्झॉस्टचा टॅपेट जरा घट्ट झाला होता, परत ०.०५ केला. ऑइल मोजून बघितलं, जेवढं ओतलं तेवढंच निघालं. दादा आता रोज सकाळी तिच्यावरनं डेअरीला जातात, परवा मी न्यायला लागलो तर चावी दिली नाही.